राबातली राख

वैशाख निम्मा सरला तरी हैबतीचा राब भाजायचा राहिलाच होता. मार्गासनीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात बारा घरांची वाडी. अकरा घरांचे राब भाजून काळेठिक्कर झाले, आणि हा गडी आपला ओटीवर बसून तंबाखू मळतोय. भाताचं रोप ज्या तुकड्यात टाकायचं, तो तुकडा आधी शेण, पाला, गवत अंथरून, वर माती पसरून भाजायचा. नाही भाजला तर तण माजतं आणि रोप तिथंच बसतं. पण भाजायला घरात काही हवं ना! एके काळी गोठ्यात अकरा जनावरं होती, आता एक म्हैस आणि एक भाकड गाय. दोघींचं शेण अंगण सारवायलाही पुरेना. रानातनं पाल्याच्या डहाळ्यांची कवळं तोडून आणावीत तर फॉरेस्टचा गार्ड कोयता काढून घेतो. मागल्या साली त्यानं हैबतीला चार माणसांत कान धरून उभं केलं होतं. साठीच्या माणसाला! तेव्हापासून हैबती रानाकडं तोंड करीत नव्हता.

"अवं, उठा की," सोजराबाई म्हणाली. "अमृतला फोन लावा. पोती टाकून जा म्हनावं."

"तू लाव. तुजाच मानूस त्यो."

माणूस तिचाच होता. अमृत तिच्या माहेरचा, सारोळ्याकडचा. हायवेच्या भंगार गोदामांवर त्याचा टेम्पो चालायचा. जुन्या वायरी सोलून तांबं काढून घेतलं की मागं सालपटं उरतात, लाल, निळी, काळी, पोतीच्या पोती. ती टाकायची कुठं? तीन वर्षांमागं त्यानं एक खेप सोजराबाईच्या बांधावर आणून टाकली. "अक्का, जाळून तर बघ. शेनापरीस दुप्पट धग." धग होती खरी. त्या साली राबात तणाची काडी उगवली नाही आणि रोप आलं हिरवंगार, हातभर. वाडीतल्या बाया बघायला आल्या. "कुनाचं डोस्कं म्हनायचं ह्ये?" असं कुणीतरी विचारलं तेव्हा सोजराबाई पदर सावरत म्हणाली होती, "माजंच की." पुढच्या साली अकराच्या अकरा घरांनी पोती मागून घेतली.

अमृतचा टेम्पो दुसऱ्या दिवशी आला. नवरा-बायकोनं पोती पाठीवर घेऊन राबापर्यंत नेली, शेणाच्या पातळ थरावर सालपटं पसरली, वर वाळक्या पाल्याचा पातेरा, वर माती. ऊन कलल्यावर हैबतीनं वाऱ्याच्या उलट अंगानं काडी लावली. आधी पाला कडकडला, मग खालनं काळा धूर निघाला आणि सगळ्या खाचरावर बसला. सोजराबाईनं ओला पदर नाकाला बांधला होता, तरी टाळूला गोडसर, जळका वास चिकटलाच. हैबती दाताळ्यानं कडा सारता सारता बांधावर गेला, वाकला आणि दुपारची भाकरी ओकून मोकळा झाला.

"काय झालं वं?"

"काय न्हाई. पित्त हाय." त्यानं तोंड पुसलं आणि परत दाताळं उचललं.

एक पोतं उरलं. ते सोजराबाईनं डोक्यावर घेऊन घरी आणलं. टाकायचं कशाला? रॉकेल मिळेनासं झालेलं, गॅसची टाकी सणासुदीपुरती, आणि लाकडं अशी की फुंकून फुंकून डोळे बाहेर यावेत. दोन सालपटं टाकली की चूल भडाभडा पेटायची. ही युक्ती तिनं सून आली त्याच साली सुनेला शिकवली होती.

सून प्रेरणा. सहा महिन्यांची पोटुशी. आधीची दोन पोटं वाया गेलेली, एक तिसऱ्या महिन्यात, एक पाचव्यात. दुसऱ्या वेळी तर मुलगा होता म्हणे. त्यामुळं ह्या वेळी सोजराबाईनं सुनेला जिवापलीकडं जपायचं ठरवलं होतं. शेतावर न्यायची नाही, हंडा उचलू द्यायचा नाही, उन्हात उभं राहू द्यायचं नाही. "तू आपली घरात सावलीला बस. चुलीचं तेवडं बघ. बाकी म्या हाय." लेक सूरज पानशेतला हॉटेलात वेटर, सोमवारी तेवढा घरी यायचा. आल्या आल्या आधी बायकोच्या तोंडाकडं बघायचा आणि मग आईला खुणेनं विचारायचा. आई मान हलवायची की त्याच्या जिवात जीव यायचा.

राब भाजून आठवडा झाला आणि आरोग्य केंद्राची आशाताई मंगल एका पाहुणीला घेऊन आली. मंगल वाडीतलीच, वरच्या घरची. पाहुणी पुण्याची, डॉक्टर सुप्रिया. पाठीला पिशवी, पायात बूट, पण एका बुटाचा तळ सुटून जीभ बाहेर आल्यासारखा लोंबत होता.

"सोजरामामी, घाबरू नका," मंगल म्हणाली. "म्याच कळवलं हुतं. माज्या वहीत बघितलं तर तीन सालांत आपल्या वाडीत सात पोटं खाली झाली. सात! खालच्या गावात एवडी मानसं, तितं दोन. म्हून ह्या आल्यात. घरोघर रक्त बघनार, पानी बघनार, माती बघनार."

सोजराबाईला कालच अमृतचा फोन येऊन गेला होता. "अक्का, तपासनीवाले येनार हायेत. राबात काय जाळलं इचारलं तर शेन नि पाला. दुसरा शबुद काडायचा न्हाई. न्हाईतर सगळ्या वाडीवर केस हुईल, आन् पैलं नाव तुजं, ध्यानात ठेव." वाडीतल्या गड्यांचंही तेच ठरलं होतं.

सुप्रियानं ओटीवर मांडी घातली, कागद काढला आणि विचारायला सुरुवात केली. पाणी कुठलं पिता? घराला रंग कधी दिला? मशेरी लावता का? शेतात कसलं औषध मारता? सोजराबाई उत्तरं देत गेली. बाई बोलायला गोड होती, मध्येच प्रेरणाला "बाळ फिरतंय ना?" असं विचारायची. म्हणून तर जास्त भीती वाटत होती.

"आणि राबात काय जाळलंत, मावशी?"

"शेन," सोजराबाई म्हणाली. "नि पाला."

"आणखी काही? कुणी चिंध्या टाकतं, कुणी प्लॅस्टिक..."

"न्हाई बया. शेन नि पालाच."

प्रेरणा दारात उभी होती. तिनं सासूकडं बघितलं आणि खाली मान घातली.

मग सुप्रियानं तिचं रक्त काढलं. पोरगी वाळून काटकी झालेली, शीर सापडता सापडेना. दोनदा सुई टोचली तरी हूं की चूं केलं नाही तिनं. रक्त बाटलीत गेल्यावर सुप्रियानं छोटी पिशवी काढली. "आता राबातली मूठभर राख हवी. ती मी स्वतः घेते. शेत किती लांब आहे?"

"त्ये काय, त्या टेपाच्या पल्याड." सोजराबाईनं हात वर केला. "पर तुमचा बूट बघा की! काट्याकुट्याचं कसं चडनार? तुमी च्या घ्या. म्या जाऊन आनते."

सुप्रिया थांबली. तिनं बुटाकडं बघितलं, टेपाडाकडं बघितलं. अजून पाच घरं राहिली होती आणि ऊन तर मी म्हणत होतं. "वरचीच राख घ्या हं मावशी, हात न लावता. ह्या चमच्यानं," असं म्हणून तिनं पिशवी दिली.

सोजराबाई टेपाडाच्या दिशेनं निघाली, गोठ्यामागं वळली आणि मागल्या दारानं आत आली. चुलीशेजारी सकाळची राख काढून ठेवलेली होती, पांढरी, मऊ, पीठ जणू. ह्या राखेनं भांडी घासतो, दात घासतो. हिच्यात काय निघणार आहे? बसा म्हणावं तपासत! तिनं चमच्यानं पिशवी भरली. लगेच बाहेर गेली तर कळेल, म्हणून गोठ्यात म्हशीजवळ दहा-पंधरा मिनिटं बसून राहिली. तेवढ्या वेळात तिच्या छातीत इतकं धडधडलं की म्हैससुद्धा मान वळवून बघायला लागली. मग पदरानं तोंड पुसत, दमल्यासारखं करीत ती ओटीवर आली आणि पिशवी बाईच्या हातात दिली.

"लई चढ हाय बया," ती म्हणाली.

सुप्रियानं पिशवीवर लिहिलं, हैबतीचं घर, राब. सोजराबाईला वाचता येत होतं. तिनं ते वाचलं आणि तिला हायसं वाटलं.

पुढचा महिना बरा गेला. प्रेरणाच्या पोटानं आकार धरला. तिला डोहाळे मात्र चमत्कारिक लागले. एकदा सोजराबाई पाण्याहून आली तर पोरगी चुलीपुढं उकिडवी बसून बोटानं राख चाटत होती. सासूला बघून तिनं हात मागं लपवला आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"आत्याबाई, ऱ्हावंना मला. लई दिसांपास्नं चोरून खाती. वासानं तोंडाला पानी सुटतंय."

सोजराबाई हसायला लागली. "आगं येडे, रडतीस काय! सूरजच्या वक्ताला म्या भिताडाची माती खाल्ली हुती. निम्मा कोपरा संपवला, मामंजी म्हनायचे घर पाडतीया सून. खा. पर खडे दाताखाली येतील, थांब." आणि तिनं जुन्या लुगड्याच्या फडक्यातनं राख गाळून वाटीत भरून दिली. त्या दिवसापासून रोज सकाळी ताजी राख गाळून ती वाटी चुलीच्या कडेला ठेवायची. सुनेला मागायची लाज वाटू नये म्हणून न सांगता ठेवायची. आपल्या सासूनं आपल्याला कधी असं जपलं नव्हतं, हे तिच्या मनात यायचं आणि तिला स्वतःचंच कौतुक वाटायचं.

पावसाआधी, राबातल्या कोरड्या मातीत, धूळवाफेवर भात पेरायचा दिवस ठरला, सोमवार. सूरज घरी आला होता. बी निवडून झालं होतं, हैबतीनं कुदळ पाजळून ठेवली होती. इतक्यात मंगल आणि सुप्रिया दारात उभ्या. आणि त्यांच्या मागोमाग मोटरसायकलवर अमृत. त्याला बातमी कुठनं लागली कोण जाणे! "सहज आलो हुतो," असं म्हणून तो ओटीच्या कडेला टेकला आणि मोबाईल काढून बघायला लागला. बघत काही नव्हता, कान इकडं होते.

सुप्रिया आज गोड बोलली नाही. "परकी माणसं नकोत," ती म्हणाली. "घरातल्या माणसांनाच सांगायचं असतं हे."

"परका कुठला? माज्या म्हायेरचा हाय," सोजराबाईच्या तोंडून निघून गेलं. सुप्रियानं प्रेरणाकडं बघितलं. पोरगी काय बोलणार? तिनं होकाराची मान हलवली.

"प्रेरणाच्या रक्तात शिसं निघालंय," सुप्रिया म्हणाली. "धातू असतो तो. सगळ्या वाडीच्या रक्तात थोडं थोडं आहे, पण हिच्याइतकं कुणाच्याच नाही. हे पोटातल्या बाळापर्यंत जातं. बाळाच्या मेंदूला धोका असतो. दिवस पुरे व्हायच्या आधीच..." ती थांबली.

सूरज उभाच होता. त्यानं दाराची चौकट धरली. "म्हंजी ह्ये बी जानार?"

"तसं नाही. पण शिसं कुठनं येतंय ते आजच्या आज थांबलं पाहिजे." सुप्रियानं दुसरा कागद काढला. "पाणी चांगलं आहे तुमचं. आम्ही बारा राबांची राख तपासली. बऱ्याच राबांत शिसं आहे, पण तुमच्या राखेत आहे तेवढं कुठंच नाही. तिप्पट-चौपट आहे. आता खरं सांगा, मामा, राबात काय जाळलंत?"

"शेन," हैबती म्हणाला. "नि पाला."

"शेणात इतकं शिसं नसतं, मामा."

"हायवेच्या धुराचं असंल म्याडम," अमृत मोबाईलमधून मान न काढता म्हणाला.

सोजराबाईच्या कानात एकच घुमत होतं. तुमची राख. तिनं दिलेली राख! चुलीतली, पिठासारखी पांढरी. चुकलं असेल, दुसऱ्याची पिशवी असेल. मग तिला रोज चुलीत घातलेली दोन-दोन सालपटं आठवली.

"मला कोडं पडलंय ते एकच," सुप्रिया मंगलला सांगत होती. "राब भाजणाऱ्या माणसांच्या रक्तात कमी आणि हिच्या रक्तात जास्त. असो. प्रेरणा, आजपासून त्या शेताकडं फिरकायचं नाही. आज पेरणी आहे ना? तिकडची धूळसुद्धा अंगावर नको. तू घरातच थांब."

"हां, घरातच बसंल की ती," मंगल म्हणाली. "चुलीचं बघंल, सावलीला ऱ्हाईल. काय गं?"

"व्हय," प्रेरणा म्हणाली. "म्या घरातनं हालनारच न्हाई."

सोजराबाईनं सुनेकडं बघितलं. पोरगी भ्यालेली होती, दोन्ही हात पोटावर, आणि ओठाच्या कोपऱ्यात पांढरं काहीतरी लागलेलं. आत्ता बोललं नाही तर ही उठून आत जाईल, चुलीपुढं बसेल. बोललं तर वाडी काय म्हणेल? बाकीची पाच पोटं ज्यांची गेली त्या बाया दारात येऊन उभ्या राहतील. नवरा बसल्या जागी मेल्यासारखा होईल. आणि सूरज? सूरज परत आई म्हणून हाक मारील का? गप्प राहून वाटी तेवढी गुपचूप फेकून द्यावी, चुलीत सालपटं घालायची बंद करावी, असंही तिच्या मनात आलं. खोटं कशाला बोला, आलंच होतं. पण मग ही बाई त्या टेपाडापलीकडं शिसं शोधत बसणार, आणि पोरीच्या पोटात काय गेलंय हे तिला कधीच कळणार नाही.

"ती राख राबातली न्हाई," ती म्हणाली.

"काय बरळतीस?" हैबती.

"अक्का," अमृत उठून उभा राहिला. "इचार करून बोल."

"तू खाली बस रं! तुजं ऐकलं म्हून तर ह्ये दिस बघतीया." सोजराबाईचा आवाज चिरकला. ती सुप्रियाकडं वळली. "बाई, म्या राबाकडं गेलेच न्हाई त्या दिवशी. गोठ्यात बसून ऱ्हायले. ती राख माज्या चुलीतली हाय. राबात आमी वायरीची सालपटं जाळतो, समदी वाडी जाळतीया, पैल्यांदा म्याच जाळली. राबातली राख दिली तर सापडू म्हून चुलीतली दिली. मला वाटलं चुलीतली चांगली. पर चुलीत बी तीच जात्यात वो. रोज. म्याच शिकवलंया हिला."

सुप्रियानं हातातला कागद खाली ठेवला. "मी स्वतः वर चढायला हवं होतं," ती पुटपुटली. मग तिनं विचारलं, "म्हणजे प्रेरणा रोज त्या धुरात बसते?"

"धुराचं ऱ्हाऊ द्या." सोजराबाई म्हणाली. "ती राख खाती. डोहाळं लागल्यात. महिना झाला, रोज वाटीभर. म्या गाळून दिती."

मंगलनं तोंडावर हात धरला. सूरज आत धावला. आतनं भांडी पडल्याचा आवाज आला, मग तो पोतं ओढत बाहेर आला आणि त्यानं ते अमृतच्या अंगावर भिरकावलं. लाल-निळी सालपटं अंगणभर झाली. "चल नीघ हितनं! नीघ, न्हाईतर हात उचलीन म्या!" अमृत गाडीला किक मारून, मागं न बघता निघून गेला. सूरज मग आईकडं वळला. तो तसाच अंगणात उभा राहिला.

हैबती खाली बघत होता. "परत चार मानसांत," एवढंच तो म्हणाला.

सुप्रिया प्रेरणाजवळ जाऊन बसली होती. आता ती भराभर बोलत होती, किती राख, कधीपासून, रोज की एकाआड. मग म्हणाली, "आज बंद केलं तर शिसं हळूहळू उतरतं. उद्या सकाळी तुला पुण्याला नेऊ, पोटातलं बाळ बघू. ह्या वेळेला अजून हातात आहे, प्रेरणा. ऐकतेस ना?"

प्रेरणा ऐकत नव्हती. ती सासूकडं बघत होती.

"आत्याबाई, ती पोती कवापास्नं येत्यात?"

"तीन सालं झाली."

"माजं लगीन झालं त्या सालापास्नं." प्रेरणा सावकाश म्हणाली. "मग आदीची दोन बी?"

"ते खात्रीनं नाही सांगता येणार," सुप्रिया म्हणाली. "कारणं पुष्कळ असू शकतात." पण प्रेरणानं तिला विचारलं नव्हतं.

सोजराबाईला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. न्हाई म्हणावं, देवाची करणी म्हणावं, तीन वर्षं तेच तर सांगत आली होती सगळ्यांना. देवऋषी केला, नवस केले, पोरीच्या पायगुणावर बोट ठेवलं गेलं तेव्हाही गप्प बसली.

"व्हय गं पोरी," ती म्हणाली. "असंल. माज्या हातानं."

प्रेरणा उठली. भिंतीचा आधार घेत अंगणाच्या कडेला गेली आणि तिथं खाली बसली. सूरज पुढं झाला तर तिनं त्याला हातानं थांबवलं.

"पानी आना," ती सासूला म्हणाली.

सोजराबाईनं कळशी आणली. प्रेरणानं ओंजळ पुढं केली, चूळ भरली, थुंकली. परत ओंजळ पुढं केली. बोट घालून दात चोळले, जीभ चोळली, थुंकली. सोजराबाई ओतत राहिली. कळशी संपली तेव्हा प्रेरणानं वर न बघता हात तसेच पुढं धरले, आणि सोजराबाई दुसरी कळशी आणायला धावली.